कापसाचा भाव, टॉम वॉटसन आणि अमेरिकेतल्या लोकानुनयाची मुळं

मधुमालती

आम्ही जॉर्जियात मेरिएटाला राहतो, अकरा वर्षं झाली. इथं रॉसवेल रोडवर हायवे ७५ जवळ लिओ फ्रँकच्या नावाची एक पाटी आहे. इतकी वर्षं त्या रस्त्यानं जाते-येते पण कधी थांबून वाचली नव्हती. मागच्या महिन्यात वाचली आणि तेव्हापासून जे वाचत सुटलेय ते कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा.

आधी घटना सांगते. लिओ फ्रँक अटलांटातल्या पेन्सिलच्या कारखान्याचा सुपरिंटेंडेंट, ज्यू, न्यूयॉर्कमधे वाढलेला. १९१३ मधे त्याच कारखान्यात काम करणाऱ्या १३ वर्षांच्या मेरी फेगन या मुलीचा खून झाला आणि फ्रँकला फाशीची शिक्षा झाली. पुरावा इतका कच्चा होता की गव्हर्नर जॉन स्लेटननी जून १९१५ मधे फाशी बदलून जन्मठेप केली. दोन महिन्यांत, १६ ऑगस्टच्या रात्री, लोकांनी त्याला मिलेजव्हिलच्या तुरुंगातून उचललं, रात्रभर गाड्या चालवत मेरिएटाला आणलं आणि १७ तारखेला सकाळी झाडाला लटकवलं. कट रचणारे इथलेच प्रतिष्ठित लोक होते, त्यात एक माजी गव्हर्नर. कुणावर खटला चालला नाही.

या प्रकरणात महिनोन्महिने तेल ओतत बसलेला माणूस म्हणजे जॉर्जियातलाच पुढारी टॉम वॉटसन. त्याचं स्वतःचं साप्ताहिक होतं, जेफरसोनियन नावाचं, त्यात दर आठवड्याला फ्रँकबद्दल, ज्यू लोकांबद्दल, उत्तरेतल्या पैसेवाल्यांबद्दल असं काही लिहायचा की वाचताना हात थरथरतो. आणि खप वाढत गेला.

आता मला ज्यानं झोप येईना तो भाग. हाच टॉम वॉटसन १८९२ मधे, म्हणजे तेवीस वर्षं आधी, जॉर्जियाच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना एका मांडवाखाली बसवून सांगत होता की तुम्हाला वेगळं ठेवलंय ते दोघांनाही वेगवेगळं लुटता यावं म्हणून, एकमेकांचा द्वेष करायला शिकवलंय कारण त्या द्वेषावरच दोघांना गुलाम करणारी पैशाची सत्ता उभी आहे. हे त्या काळात, त्या दक्षिणेत, जिथं असं बोलण्यासाठी जीव जाऊ शकत होता! डॉयल नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय धर्मोपदेशक त्याच्यासाठी प्रचार करत होता, त्याला मारायची धमकी आली तेव्हा वॉटसननी त्याला थॉमसन गावात स्वतःच्या आवारात ठेवून घेतलं आणि हाक घातली. रातोरात घोड्यांवरून बंदुका घेऊन गोरे शेतकरी जमा झाले, दोन हजारांपर्यंत होते म्हणतात. एका कृष्णवर्णीय माणसाच्या रक्षणासाठी!

माणूस तोच, आवाज तोच, ऐकणारे बरेचसे तेच. मग मधे काय झालं? अमेरिकेतल्या भडकाऊ राजकारणाची मुळं शोधायची तर मला वाटतं याच माणसापाशी थांबून बघायला हवं. इथं इतिहास नीट वाचलेली मंडळी आहेत, कृपया लिहा.

सह्यकडा

छान विषय काढलात मधुमालतीताई. पण मुळं म्हणाल तर १८९२ च्याही शंभर वर्षं मागे जावं लागेल. भडकाऊ पुढाऱ्यांची ही भीती त्या देशाच्या जन्मापासून आहे.

१७८६ मधे मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडली. यातले बरेच जण स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, त्यांना पगार मिळालेला नाही किंवा कागदी नोटांत मिळालेला ज्याची किंमत उरली नाही, आणि सरकार टॅक्स मागतंय नाण्यांत. टॅक्स नाही भरला की जमीन जप्त. डॅनियल शेज हा माजी कॅप्टन त्यांचा म्होरक्या म्हणून ते शेजचं बंड. मोडून काढलं, पण त्यानं वरच्या वर्गाची पाचावर धारण बसली आणि १७८७ ला फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसलेल्यांच्या डोक्यात ते ताजं होतं. त्यातल्याच हॅमिल्टननी राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेच्या पहिल्याच लेखात लिहून ठेवलंय की प्रजासत्ताकांचं स्वातंत्र्य बुडवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सुरुवात लोकांची खुशामत करून केली, आधी डेमॅगॉग म्हणजे लोकांना भडकवणारे पुढारी झाले आणि शेवटी जुलमी. म्हणून मग इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी नाही तर राज्याराज्यांतल्या प्रतिनिधींच्या (इलेक्टोरल) मतांनी निवडायचा, म्हणून सिनेटर थेट लोकांनी न निवडता राज्यांच्या विधिमंडळांनी निवडायचे, म्हणजे लोकांच्या आणि सत्तेच्या मधे गाळण्या बसवल्या.

आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या लोकानुनयाचं इंधन या गाळण्याच आहेत. १८२४ बघा. अँड्र्यू जॅक्सनला लोकांची मतं जास्त, इलेक्टोरल मतंही सगळ्यात जास्त, ९९, पण बहुमत नाही, त्यामुळे निवड गेली हाऊसकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे. तिथं स्पीकर हेन्री क्ले, त्यांनी वजन टाकलं जॉन क्विन्सी ॲडम्सच्या पारड्यात, आणि ॲडम्स अध्यक्ष झाल्यावर क्लेना परराष्ट्रमंत्री केलं. जॅक्सनच्या माणसांनी पुढची चार वर्षं एकच ओरड केली, भ्रष्ट सौदा. १८२८ ला दणक्यात निवडून आला. तुमचं मत चोरलं, वरच्यांनी आपसात वाटून घेतलं, मीच तुमचा, हा साचा तिथं तयार झाला. नंतर १८३२ मधे बँकेचा कायदा व्हेटो करताना श्रीमंत आणि ताकदवान लोक सरकारला स्वतःच्या फायद्यासाठी वाकवतात असं त्यानं लेखी सांगितलं, आणि त्या तक्रारीत तथ्य होतं हेही मान्य करायला हवं.

पण त्याच जॅक्सनच्या काळात १८३० चा इंडियन रिमूव्हल ॲक्ट, मूळनिवासींना त्यांच्या जमिनीवरून हटवायचा कायदा. त्यातल्या चेरोकींना १८३८-३९ मधे हाकललं, अंदाजे १६ हजार माणसं, वाटेत सुमारे चार हजार मेली असं मानतात. ती जमीन कुठली? मुख्यतः तुमचं जॉर्जियाच. "लोकांचं राज्य" म्हणताना लोक कोण हे आधीच ठरलेलं होतं.

कापूसकोंड्या

मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरी कापूस आहे, सध्या पुण्यात नोकरी. मधुमालतीताई तुम्ही शेतकऱ्यांचं नाव काढलं पण ते चिडले कशानं ते नाही सांगितलं, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथंच आहे म्हणून लिहितो.

यादवी युद्ध संपलं १८६५ ला. दक्षिणेत बँका नाहीत, पैसा नाही, शेतकऱ्याकडे फक्त जमीन किंवा तीही नाही. मग गावातला दुकानदार बियाणं, खत, पीठ, मांस, कपडा सगळं उधारीवर द्यायचा आणि बदल्यात उभं पीक तारण. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा, फरक इतका की वर्षाचं व्याज धरलं तर अंगावर काटा येईल. दुकानदार म्हणणार कापूसच लाव, कारण विकला तो जातो. सगळ्यांनी कापूस लावला की भाव पडतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पौंडाला जे मिळायचं त्याच्या निम्म्याहून कमी, पाच-सहा सेंट, १८९० च्या दशकाच्या मध्याला. वर्षाच्या शेवटी हिशोब होतो, खातं फिटत नाही, राहिलेलं पुढच्या वर्षीच्या पिकावर. पुन्हा त्याच दुकानदाराकडे. गोरा असो कृष्णवर्णीय असो, वही एकच.

वरून सोन्याचं चलन. १८७३ च्या कायद्यानं चांदीचे डॉलर पाडणं बंद झालं, चलन आवळलं, भाव उतरत गेले, म्हणजे कर्ज काढलं तेव्हा जे दहा गाठींत फिटलं असतं ते फेडताना पंधरा गाठी लागणार. आणि रेल्वे एकच कंपनीची असेल तर भाडं ती म्हणेल ते.

हे वाचताना मला ते परकं वाटतच नाही हो. माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांचं खातं असंच सांगितलेलं. आणि हा नुसता सारखेपणा नाही, थेट धागा आहे. यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडकला म्हणून मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईच्या बंदराकडे वळल्या, आपल्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात मोकळा सोडून कर्जं दिली, १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. पुढच्या दहा वर्षांत कर्ज, सारावाढ आणि कोर्टाच्या जप्त्या यांनी पुणे-नगरचा शेतकरी पिळला गेला आणि १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या घरातून कर्जरोखे काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणतो ते. जॉर्जियाचा शेतकरी आणि सुप्याचा शेतकरी एकाच बाजाराच्या दोन टोकांना बांधलेले होते.

एक सांगतो जे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. सुप्याला राग मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला. इथलेच सावकार तुलनेनं वाचले. राग खरा होता, कर्जरोखे खरे होते, तरी बोट कुठं वळलं बघा.

मधुमालती

कापूसकोंड्या, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद. शेवटचा परिच्छेद हेच मला वॉटसनबद्दल म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते.

उंबरठा

माफ करा पण मला इथं थोडा विरोध नोंदवायचाय. धाग्याच्या शीर्षकातच लोकानुनय हा शब्द आलाय आणि चर्चा भडकाऊपणाची चाललीय, दोन्ही एकाच पोत्यात घालणं हा त्या शेतकऱ्यांवर अन्याय आहे.

लोकानुनय म्हणजे इंग्रजीत पॉप्युलिझम, आणि पॉप्युलिस्ट हे मुळात एका पक्षाच्या माणसांचं नाव होतं, पीपल्स पार्टी. वॉटसन त्याच पक्षाचा. ४ जुलै १८९२ ला ओमाहात त्यांनी जाहीरनामा मंजूर केला. काय होतं त्यात? जास्त कमाईवर जास्त दरानं इन्कम टॅक्स. सिनेटर थेट लोकांनी निवडायचे. गुप्त मतदान. रेल्वे आणि तार सरकारच्या मालकीची. पोस्टात बचत खाती. चांदीची नाणी. आणि सबट्रेझरी नावाची योजना, म्हणजे सरकारी गोदामात शेतकऱ्यानं माल ठेवायचा आणि मालाच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत नाममात्र व्याजानं कर्ज उचलायचं, भाव आला की विकायचं. आपल्याकडे बाजार समित्यांत शेतमाल तारण योजना आहे, त्याच जातीची कल्पना. यात भडकाऊ काय आहे? पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हरना त्या वर्षी अध्यक्षपदासाठी दहा लाखांवर मतं आणि २२ इलेक्टोरल मतं मिळाली. इन्कम टॅक्स आणि सिनेटची थेट निवड दोन्ही १९१३ मधे राज्यघटनेत आलं. ज्यांना वेडे शेतकरी म्हणून हिणवलं त्यांचं म्हणणं वीस वर्षांत कायदा झालं.

भाषा जहाल होती, हो. पण कर्जात बुडालेला माणूस मऊ बोलेल अशी अपेक्षा कोण करतं, ज्याचं काही बुडालेलं नाही तो. मला या मुद्द्यावर फार पोटतिडीक आहे, कारण शेतकऱ्यानं रस्त्यावर येऊन मोठ्यानं काही मागितलं की लगेच कुणीतरी त्याला भडकवलंय असं म्हणायची सवय आपल्यालाही आहे.

सह्यकडा

उंबरठा, ९० टक्के सहमत. पण त्याच ओमाहाच्या अधिवेशनात जोडलेले ठरावही वाचा. त्यात परदेशातून येणाऱ्या भिकारी आणि गुन्हेगार वर्गाला बंदरं खुली ठेवल्याचा निषेध आहे आणि नको असलेल्या लोकांचं येणं आणखी रोखा अशी मागणी आहे. म्हणजे बी तिथंही होतं, एका कोपऱ्यात. झाड कुणी कुठलं वाढवलं हा पुढचा प्रश्न.

उंबरठा

मान्य. ते ठराव मी वाचले होते आणि लिहायचे टाळले, ते बरोबर नव्हतं.

चांदणचुरा

मी कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्ट. ते झाड आमच्याकडे वाढलं हो.

१८७७ ला सॅन फ्रान्सिस्कोत मंदी, बेकारी, रेल्वेचं काम संपल्यावर हजारो मजूर रिकामे. सिटी हॉलजवळच्या रिकाम्या वाळूच्या मैदानावर डेनिस कर्नी नावाचा गाडीवाला भाषणं करायला लागला. सुरुवात व्हायची रेल्वेच्या मालकांपासून, नॉब हिलवरच्या बंगल्यांपासून, ते मजुरांना कसं लुटतात, आणि यात खोटं काही नव्हतं. पण शेवट ठरलेला, प्रत्येक भाषणाचा: चिन्यांना हाकला. वर्किंगमेन्स पार्टी काढली, १८७९ च्या कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत चिनी माणसाला कंपन्यांनी कामावर ठेवू नये असं कलम घालून घेतलं, आणि १८८२ ला चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा, अख्ख्या देशाचा चायनीज एक्सक्लूजन ॲक्ट आला जो १९४३ पर्यंत टिकला. नॉब हिलवरचे बंगले जागेवरच राहिले. लाँड्रीवाल्या चिन्यांची दुकानं जळली.

यातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती ही, की कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला. आणि त्याच्या आधी फक्त वीस-पंचवीस वर्षं, १८५० च्या दशकात, नो-नथिंग नावाची आख्खी चळवळ आयरिश आणि जर्मन कॅथलिकांविरुद्ध उभी राहिली होती. गुप्त संघटना, कुणी विचारलं तर मला काही माहीत नाही म्हणायचं म्हणून हे नाव. नागरिकत्वासाठी २१ वर्षं थांबायला लावा ही मागणी. १८५४ ला त्यांनी मॅसॅच्युसेट्सचं राज्य जवळजवळ सगळं जिंकलं, १८५५ ला लुईव्हिलमधे निवडणुकीच्या दिवशी दंगल होऊन किमान २२ माणसं मेली, १८५६ ला त्यांचे अध्यक्षपदाचे उमेदवार फिलमोर यांना पाचातलं एक मत मिळालं. म्हणजे ज्यांना काल दारातून ढकललं तेच दारावर उभे राहून दुसऱ्याला ढकलायला लागले.

आपल्यावरही वेळ आली होती. सप्टेंबर १९०७ मधे वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममधे जमावानं लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना, बहुतेक पंजाबी शीख, रातोरात हाकलून लावलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच सुमारास याच किनाऱ्यावर होते, त्यांनी या गिरणी मजुरांमधे राहून संघटना बांधली. १९१७ ला कायद्यानं आशियाचा मोठा पट्टा बंद, १९२३ ला सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंदना सांगितलं की तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं त्यातल्या कितीतरी जणांचं काढूनही घेतलं. १९४६ ला दार किलकिलं झालं, वर्षाला १०० माणसं. मी इथं ग्रीनकार्डच्या रांगेत तेरा वर्षं काढली आणि या काळात हे सगळं वाचलं, त्यामुळे माझ्यासाठी हा घरचाच विषय आहे.

जुनंपान

विषय निघालाच आहे तर लुइझियानाच्या ह्यूई लाँगबद्दल लिहितो, कारण त्याला कुठल्या पोत्यात घालायचं ते मला वीस वर्षं वाचूनही कळलेलं नाही.

१९२८ ला गव्हर्नर झाला. तेव्हा त्या राज्यात पक्के रस्ते जेमतेम, नद्यांवर पूल नाहीत, गरिबांची मुलं पुस्तकं परवडत नाहीत म्हणून शाळेबाहेर. त्यानं पुस्तकं फुकट दिली, सरकारी शाळांना आणि कॅथलिक शाळांनाही, हजारो मैल रस्ते बांधले, पूल बांधले, रात्रशाळांमधून मोठ्या माणसांना वाचायला शिकवलं, आणि यात कृष्णवर्णीयांनाही घेतलं. पैसा आणायचा कुठून तर तेल कंपन्यांवर टॅक्स. स्टँडर्ड ऑइलनी जंग जंग पछाडलं, १९२९ ला त्याच्यावर महाभियोग आणला, थोडक्यात वाचला. दक्षिणेतला असून कृष्णवर्णीयांचा द्वेष हे त्याचं मुख्य भांडवल कधीच नव्हतं. १९३४ मधे शेअर अवर वेल्थ, कुणाकडे किती संपत्ती असावी याला वरून मर्यादा घाला आणि प्रत्येक कुटुंबाला घरापुरती रक्कम द्या. महामंदीत उपाशी बसलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल विचार करा.

आणि हाच माणूस सरकारी नोकरांच्या पगारातून दरमहा वर्गणी कापून घ्यायचा, विरोधातली वर्तमानपत्रं दाबायला जाहिरातींवर टॅक्स लावला जो १९३६ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केला, न्यू ऑर्लिन्समधे शस्त्रधारी नॅशनल गार्ड घुसवलं, सिनेटर होऊन वॉशिंग्टनला गेल्यावरही राज्याचं विधिमंडळ स्वतः सभागृहात उभं राहून चालवायचा, एकेका रात्रीत डझनावारी कायदे न वाचता पास. ८ सप्टेंबर १९३५ ला बॅटन रूजच्या विधानभवनात, जी ३४ मजली इमारत त्यानंच बांधली होती, त्याला गोळी लागली आणि दोन दिवसांनी गेला. त्याच्या हातात अजून दहा वर्षं असती तर काय झालं असतं, मला वाटतं लुइझियानात निवडणूक नावापुरती उरली असती. तरीही ज्या पोराच्या हातात पहिल्यांदा पुस्तक पडलं त्याच्या घरात ह्यूईचा फोटो लागला असेल तर मी त्या घराला नावं ठेवू शकत नाही.

रेडिओवाले फादर कॉफलिन त्याच काळातले. त्यांची गाडी मात्र सरळ उतारावर गेली, बँकांवर टीका करत करत १९३८ पर्यंत उघड ज्यूद्वेष.

उंबरठा

जुनंपान, फार सुंदर लिहिलंत. जाहिरातींवरच्या टॅक्सचं मला माहीत नव्हतं.

पारिजात

नंतरच्या काळातलं थोडं. सिनेटर जो मॅकार्थी वेगळ्या प्रकारचा, त्याच्याकडे शेतकऱ्यांची वगैरे काही मागणीच नव्हती. ९ फेब्रुवारी १९५० ला वेस्ट व्हर्जिनियात व्हीलिंगच्या भाषणात हातात कागद फडकवून म्हणाला की परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी माझ्याकडे आहे, आकडा मात्र भाषणागणिक बदलत गेला. चार वर्षं लोकांच्या नोकऱ्या गेल्या, संसार मोडले. त्याच्याच पक्षाच्या मार्गारेट चेस स्मिथ १ जून १९५० ला सिनेटमधे उभ्या राहिल्या आणि भीती, अज्ञान, द्वेष आणि बदनामी यांच्यावर स्वार होऊन पक्षानं जिंकू नये असं बोलल्या. तेव्हा बरोबर सही करायला सहाच सिनेटर मिळाले. सिनेटनं मॅकार्थीचा निषेध केला तो डिसेंबर १९५४ मधे, ६७ विरुद्ध २२.

आणि अलाबामाचे जॉर्ज वॉलेस. १९५८ ला गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, कृष्णवर्णीयांच्या संघटनेचा पाठिंबा घेऊन उभे होते, समोरच्याला क्लॅनचा, म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा पाठिंबा, हरले. त्यातून जो धडा घेतला तो १९६३ च्या शपथविधीच्या भाषणात सगळ्या जगानं ऐकला: कृष्णवर्णीयांना कायम वेगळंच ठेवायचं. १९६८ ला अध्यक्षपदासाठी उभे राहून पाच राज्यं, ४६ इलेक्टोरल मतं. म्हणजे मधुमालती, तुझा वॉटसन एकटा नाही. आधी जोडायचा प्रयत्न, मग हार, मग तोडण्यात जीत.

फरक इतकाच की वॉलेस म्हातारपणी व्हीलचेअरवरून कृष्णवर्णीयांच्या चर्चमधे जाऊन माफी मागत फिरले आणि १९८२ ला त्यांची मतं घेऊन पुन्हा गव्हर्नर झाले.

लेकमिशिगन

इतका वेळ नुसती वाचत होते. आजच्याबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते, वाद घालायला नाही. माझ्या शेजारी एक जोडपं आहे, सत्तरीचं, मिशिगनमधे गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात आयुष्य गेलं, कारखाना मेक्सिकोला गेला, पेन्शन अर्धी झाली. ते २०१६ ला ट्रम्पना मत देऊन आले. माझ्या बाळंतपणात त्या आजींनी मला महिनाभर सूप करून आणलं. मला त्यांचा राग समजतो, आणि टीव्हीवर बाहेरून आलेल्यांबद्दल जे बोललं जातं ते ऐकून माझ्या पोटात गोळाही येतो, दोन्ही एकाच वेळी. आणि त्या आजींना मी बाहेरची वाटत नाही, ते बोलणं माझ्याबद्दल आहे हे त्यांच्या डोक्यातही येत नाही.

चांदणचुरा

लेकमिशिगन, हेच. माझंही हेच होतं.

सह्यकडा

ट्रम्पनी २०१७ ला ओव्हल ऑफिसात जॅक्सनचं चित्र लावलं आणि त्याच मार्चमधे टेनेसीला त्याच्या घरी जाऊन आले, तेव्हा वारसा कुठला सांगायचाय हे त्यांच्याकडूनच स्पष्ट आहे. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पसमर्थक जमाव संसदेच्या इमारतीत घुसला त्याबद्दल माझं मत कडक आहे, निवडणूक हरल्यावर ती मान्य न करणं हे जॅक्सननीही १८२४ ला केलं नव्हतं, तो चार वर्षं ओरडला पण मतपेटीतूनच परत आला. पण कारखाना गेल्याचं दुःख खोटं होतं असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही.

पारिजात

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, म्हणजे फ्रँकचा खटला आणि लिंचिंग झालं तेव्हा न्यूयॉर्कमधेच. २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण या धाग्यावर यायलाच हवं, राजकारणात भक्ती हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे असं ते म्हणाले. हॅमिल्टनचं बोट पुढाऱ्याकडे आहे, बाबासाहेबांचं आपल्याकडे, अनुयायांकडे. मला ते जास्त जवळचं वाटतं.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे काय झालं हा माझा मूळ प्रश्न होता, तर आठवडाभर वाचून जे हाती लागलं ते लिहिते.

१८९२ ला अमेरिकन काँग्रेसच्या (संसदेच्या) निवडणुकीत वॉटसन हरला, म्हणजे त्याला हरवलं गेलं. ऑगस्टा शहरात मतं पडली ती मतदारांच्या जवळजवळ दुप्पट. कृष्णवर्णीय मजुरांना मालकांनी गाड्यांत भरून आणलं, पैसे, दारू, धमक्या देऊन डेमोक्रॅटांना मतं टाकायला लावली, काहींना साउथ कॅरोलिनातून नदीपलीकडून आणलं. १८९४ ला पुन्हा तेच. १८९६ ला पीपल्स पार्टीनं डेमोक्रॅटांच्याच ब्रायनला अध्यक्षपदाचा उमेदवार मानलं, वॉटसनला त्याच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभं केलं, डेमोक्रॅटांनी आपला वेगळाच उपाध्यक्ष ठेवला, आणि ब्रायन हरला तसा पक्षही संपला. त्यानंतर वॉटसन काही वर्षं घरात बसून होता.

बाहेर आला तेव्हा हिशोब करून आला. गोरे शेतकरी दोन पक्षांत विभागले की कृष्णवर्णीयांचं मत निर्णायक ठरतं, आणि ते मत श्रीमंत गोरे विकत घेतात किंवा दमदाटीनं वळवतात, म्हणून ते मतच काढून टाकू. चोरी करणारे कोण होते ते त्याला पक्कं माहीत होतं, शिक्षा मात्र ज्याचं मत चोरलं गेलं त्याला. १९०६ ला कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढू म्हणणाऱ्या होक स्मिथला त्यानं गव्हर्नर व्हायला मदत केली, त्याच सप्टेंबरात अटलांटात गोऱ्या जमावानं कृष्णवर्णीयांची कत्तल केली, १९०८ ला राज्यघटनेत दुरुस्ती झाली. आणि हे नुसतं कृष्णवर्णीयांना भोवलं का तर नाही, पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठी भरायचा कर, होताच आणि न भरलेला साठत जायचा, त्यामुळे त्याचे स्वतःचे, वहीत अडकलेले गोरे शेतकरीही यादीतून गळत गेले. सबट्रेझरी, रेल्वे, सावकाराची वही, यातलं काहीच त्यानं मिळवून दिलं नाही.

एक गोष्ट मिळवून दिली. १८९३ च्या सुरुवातीला, काँग्रेसमधली आधीची मुदत संपायच्या आत, खेड्यात घरपोच टपाल पोचवायच्या प्रयोगासाठी १० हजार डॉलर त्यानं मंजूर करून घेतले. त्याआधी शेतकऱ्याला पत्रासाठी गावात जावं लागायचं. त्याच टपालानं नंतर त्याचं जेफरसोनियन घरोघर गेलं. फ्रँकच्या लिंचिंगनंतर तीन महिन्यांत, नोव्हेंबर १९१५ ला, स्टोन माउंटनवर क्लॅन पुन्हा सुरू झाला, इथून तासभरही लांब नाही, आम्ही मुलांना घेऊन ट्रेकला जातो तिथं. १९१७ ला त्यानं महायुद्धाच्या सक्तीच्या भरतीला विरोध केला म्हणून सरकारनं त्याची पत्रं टपालातून बंद केली. १९२० ला लोकांनी त्याला सिनेटवर पाठवलं.

कापूसकोंड्या

ताई, त्याचा पुतळा आहे ना अटलांटात? आहे की काढला?

मधुमालती

आहे. २०१३ पर्यंत कॅपिटलच्या पायऱ्यांसमोर होता, मग रस्त्यापलीकडच्या बागेत हलवला. शनिवारी जाऊन आले. हात वर करून भाषण करतोय असा आहे. मला त्याच्याकडे बघून नुसता राग येईल असं वाटलं होतं, पण त्या दोन हजार शेतकऱ्यांची रात्र आठवत राहिली आणि मग जास्तच वाईट वाटलं.

जुनंपान

१९२२ ला वारला तेव्हा अंत्ययात्रेला क्लॅननी गुलाबांचा आठ फुटी क्रॉस पाठवला होता. आणि समाजवादी नेते यूजीन डेब्ज, आयुष्यभर कामगारांसाठी झगडलेला आणि तुरुंगातही गेलेला माणूस, यांनी त्याच्या बायकोला पत्र लिहिलं की हा सामान्य लोकांसाठी जन्मभर लढलेला मोठा माणूस होता.

पारिजात

त्याच्या रिकाम्या जागेवर कोण आलं माहितीये का? रेबेका फेल्टन, वय ८७, अमेरिकन सिनेटमधली पहिली स्त्री, नोव्हेंबर १९२२ मधे एका दिवसासाठी. मला शाळेतल्या मुलींना सांगायला हे नाव फार आवडायचं. मग कळलं की १८९७ ला जाहीर भाषणात त्यांनी लिंचिंगचं समर्थन केलं होतं, आणि त्याला नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनच्या ॲलेक्स मॅनली या कृष्णवर्णीय संपादकानं उत्तर दिलं ते निमित्त करून नोव्हेंबर १८९८ ला तिथल्या गोऱ्यांनी त्यांचा छापखाना जाळला, माणसं मारली आणि शहराचं निवडून आलेलं सरकार बंदुकीच्या जोरावर घालवलं. त्या सरकारात पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन, गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र होते.

उंबरठा

म्हणजे वॉटसननी १८९२ ला जे मागितलं होतं ते विल्मिंग्टनमधे प्रत्यक्षात चाललं होतं. पारिजात, यावर वेगळा धागा काढाल का? मी नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या फ्यूजन सरकारबद्दल माझ्याकडे आहे तेवढं तिथं लिहितो.

पारिजात

काढते. रविवारपर्यंत वेळ द्या.